मांसल गाईंच्या कळपासाठी वळू पारखताना आधी काय बघावं?

कळपवाला:

मांसासाठी पाळलेल्या कळपात नवा वळू आणायचा म्हटलं की पाठ किती रुंद, मांड्या किती भरलेल्या, वजन किती यावर लोक तासन्‌तास बोलतात. तो गाई किती लवकर गाभण करेल, हे विचारणारे फार थोडे. मला हे उलटं वाटतं, म्हणून हा धागा काढतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. हंगामाच्या पहिल्या २१ दिवसांत ज्याच्यामुळे जास्तीत जास्त गाई गाभ धरतात, तो चांगला वळू. वाढ, मांस, रंग, शिंगं हे सगळं त्याच्यानंतर.

२१ दिवसच का? कारण गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. गाभणकाळ सरासरी २८३ दिवसांचा. दर वर्षी एक वासरू हवं असेल तर व्यायल्यापासून पुन्हा गाभ धरायला गाईच्या हाती उरतात जेमतेम ८२ दिवस. त्यातला महिना-दीड महिना गर्भाशय पूर्ववत व्हायला आणि माज सुरू व्हायला जातो. म्हणजे खऱ्या संधी दोनच. त्यातली पहिली वळूच्या कमजोरीमुळे हुकली, की ती गाय पुढच्या वर्षी उशिरा विते, मग आणखी उशिरा फळते आणि अखेर भाकड ठरून कळपाबाहेर जाते. दोष वळूचा असतो आणि विकली जाते गाय. मला याचं फार वाईट वाटतं.

वासरांचंही तसंच. दूध तोडायचा दिवस सगळ्या कळपाचा एकच असतो. वासरू दिवसाला किलोभर वाढत असेल, तर २१ दिवस आधी जन्मलेलं त्या दिवशी सुमारे वीस किलोंनी जड भरतं. तेवढा फरक वंशावळीच्या निवडीतून मिळवायचा तर काही पिढ्या खर्ची पडतात.

वळूवर एवढा जोर देण्याचं आणखी एक कारण आहे. गाय वर्षाला एक वासरू देते, वळू पंचवीस-तीस वासरांचा बाप होतो. कालवडी घरच्याच ठेवत असाल तर आजच्या वासरांच्या रक्तात बापाचा वाटा निम्मा, आईच्या बापाचा पाव आणि आजीच्या बापाचा आठवा हिस्सा. तिन्ही मिळून ८७.५ टक्के. शेवटचे तीन वळू म्हणजेच तुमचा कळप.

मी स्वतः सुरुवात चालण्यापासून करतो. वळू कडक जमिनीवर चालवायला सांगतो. गवतात आणि भुसभुशीत मातीत दोष लपतात. बाजूने बघायचं की मागचं खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतंय का. आखूड पडत असेल तर बहुधा मागचे पाय खांबासारखे सरळ असतात, आणि अशा पायांच्या सांध्यांवर गाईवर चढताना सगळा भार येतो. मग मागून बघायचं: सांधे आत वळलेत का, खुराची एक नखी दुसरीवर वळते आहे का, टाच झिजून नखं लांब वाढली आहेत का. हंगामात वळू गाईंमागे दिवसभर फिरतो, आणि चढताना सगळं शरीर मागच्या दोन पायांवर तोलतो. ते पाय दुखत असतील तर बाकीचे गुण कागदावरच राहतात.

डोळेही नीट बघा. माजावरची गाय वळू वासाने ओळखतो हे खरं, पण लांबून तिला हेरतो ते डोळ्यांनीच. गाई एकमेकींवर चढताना दिसल्या की तो तिकडे निघतो. एका डोळ्यात फूल पडलेलं असेल तर मोठ्या रानात त्याच्या हातून गाई निसटतात.

तुम्ही काय काय बघता, कोणत्या क्रमाने, ते सांगा.


आकडेमोड:

चांगला विषय. पहिल्या २१ दिवसांबद्दल पूर्ण सहमत. पण "वाढ आणि मांस त्याच्यानंतर" हे वाचून नवीन माणूस वंशावळीचे आकडे बघायचंच सोडून देईल, म्हणून लिहितोय. गाभ धरण्याची आनुवंशिकता फार कमी, दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. वाढीच्या गुणांची पंचवीस ते चाळीस टक्के. म्हणजे प्रजननक्षमता तपासून घ्यायची, वाढ मात्र निवडून आणता येते. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करावीच लागतात.

ज्यांना ईपीडी, म्हणजे वासरांमधल्या अपेक्षित फरकाचा आकडा, हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा आकडा त्या वळूचं स्वतःचं वजन सांगत नाही. त्याची वासरं दुसऱ्या वळूच्या वासरांपेक्षा सरासरी किती कमी-जास्त भरतील, ते सांगतो. एका वळूचा दूध तोडतानाच्या वजनाचा आकडा ६० आणि दुसऱ्याचा ४५ असेल, तर सारख्याच गाईंवर पहिल्याची वासरं सरासरी १५ पौंडांनी जास्त भरावीत. नुसता ६० हा आकडा काहीच सांगत नाही, फरक सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रीडप्लॅनसारख्या पद्धतीत ईबीव्ही देतात. ती वळूची स्वतःची आनुवंशिक किंमत. त्यातली निम्मीच वासरात उतरते, म्हणून तिथला आकडा दुप्पट दिसतो. दोन याद्या शेजारी ठेवून थेट तुलना करू नका. जातीजातींचीही करू नका. अँगसचा ६० आणि शारोलेचा ६० हे एक नव्हेत, कारण दोन्हींची मोजायची सुरुवातच वेगवेगळ्या जागी आहे. अमेरिकेत नेब्रास्कामधल्या क्ले सेंटरच्या संशोधन केंद्राने यासाठी जातीनिहाय दुरुस्तीचे तक्ते काढले आहेत, ते लावूनच तुलना करायची.

दुसरं, प्रत्येक आकड्याशेजारी अचूकता छापलेली असते, ० ते १ मधली. तरुण वळूची ती कमीच असणार, कारण त्याला अजून वासरं नाहीत. जनुकीय चाचणी केलेली असेल तर ती बऱ्यापैकी सुधारते. अचूकता कमी म्हणजे आकडा खोटा असं नाही; पुढे तो वर किंवा खाली सरकायला जागा आहे, एवढाच अर्थ.

विक्रीच्या रिंगणात बाजूला लिहिलेलं नुसतं वजन मात्र मी विचारात घेत नाही. एकाला भरपूर खुराक मिळाला, दुसरा चाऱ्यावर वाढला. एक पाच वेतांच्या गाईचा, दुसरा पहिलटकरणीचा. एकाच काळात, एकाच आहारावर, एकत्र वाढलेल्या सोबत्यांमध्ये त्याचा नंबर कितवा, हे विचारा. दूध तोडतानाची वजनं २०५ दिवसांच्या वयावर आणतात आणि त्यात आईच्या वयाची दुरुस्ती घालतात, ती यासाठीच.


पशुवैद्यक:

वरच्या दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. तपासणी नेमकी कशी होते हे बऱ्याच पशुपालकांनी जवळून पाहिलेलं नसतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वळू खोड्यात उभा करतात. आधी अंडकोश हाताने चाचपून दोन्ही वृषणांची तुलना करायची. निरोगी वृषण घट्ट पण लवचीक लागतं. पिलपिलीत लागलं तर ऊती झडत चालल्याची शंका, दगडासारखं लागलं तर जुन्या सुजेची. खालच्या टोकाला अधिवृषणाची गाठ असते, तीही दोन्हीकडे सारखी हवी. मग वृषणं वरून हलकेच खाली ओढून टेप सगळ्यात रुंद जागी घट्ट बसवायची. इथे एक चूक हमखास होते. धरताना अंगठा दोन वृषणांच्या मधोमध घातला, की ती एकमेकांपासून फाकतात आणि घेर उगाच मोठा दिसतो. अंगठा आणि बोटं बाजूलाच हवीत.

सोसायटी फॉर थेरिओजेनॉलॉजी या अमेरिकन संस्थेने घालून दिलेली किमान मापं बऱ्याच ठिकाणी वापरली जातात. १५ महिन्यांपर्यंत ३० सें.मी., १५ ते १८ महिने ३१, १८ ते २१ महिने ३२, २१ ते २४ महिने ३३ आणि त्यापुढे ३४. घेर महत्त्वाचा तो केवळ वीर्याच्या प्रमाणासाठी नाही. हा गुण बराचसा आनुवंशिक आहे, आणि मोठ्या घेराच्या वळूंच्या मुली लवकर वयात येतात. म्हणजे कळपवाल्यांचे ते पहिले २१ दिवस कालवडींपर्यंत पोचतात.

अंडकोशाचा आकारही बघा. वृषणं शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहिली तरच शुक्राणू नीट तयार होतात. त्यासाठी अंडकोश वर अरुंद आणि खाली भरलेला, लोंबता हवा. वरपासून खालपर्यंत सरळ असला तर बऱ्याचदा अंडकोशाच्या वरच्या भागात चरबी साठलेली असते. ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

त्यानंतर गुदमार्गातून आतल्या ग्रंथी तपासतो. तरुण वळूंमध्ये तिथली सूज बऱ्याचदा सापडते. लिंग पूर्ण बाहेर आणून बघणं आवश्यक. चामखिळी, केसांचं कडं अडकून पडलेला आवळ, लिंगाला खालच्या बाजूने चिकटून राहिलेला पडदा, वाकडेपणा, जुनी जखम यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. शेवटी वीर्य. पुढे सरळ पोहणारे शुक्राणू किमान ३० टक्के आणि रचनेने निर्दोष किमान ७० टक्के हवेत. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली किमान शंभर शुक्राणू मोजतात.

हे सगळं जमलं तर वळू पात्र. काही कमी असून सुधारण्यासारखं असेल तर निर्णय पुढे ढकलतात. बाकीचे अपात्र.


नवा गोठा:

खूप शिकायला मिळतंय, धन्यवाद. पहिल्यांदाच वळू घेतोय म्हणून दोन शंका. तपासणीत पात्र ठरला की काम झालं ना? आणि सव्वा वर्षाच्या वळूला किती गाई द्याव्यात?


कळपवाला:

नाही, काम झालं असं नाही. डॉक्टर सहमत होतील: ती तपासणी त्या एका दिवसाचं चित्र आहे. महिन्याभराने ताप आला, पाय मुरगळला, अंडकोशाला मार लागला, तर ते चित्र बदलतं. म्हणून दर वर्षी, हंगामाच्या महिना-दोन महिने आधी तपासून घ्या. जुना, खात्रीचा वळू असला तरीही.

शिवाय वळूला गाईत रस आहे का, हे या तपासणीत कळतच नाही. वीर्य उत्तम, घेर मोठा, आणि स्वारी झाडाखाली उभी, असेही वळू असतात. त्याला उपाय एकच. सोडल्यावर पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ रानात उभं राहून बघायचं. माजावरची गाय तो हुंगतो का, चढतो का, आणि चढल्यावर काम पूर्ण करतो का. शेवटचा धक्का मारताना मागचे पाय जमिनीवरून सुटतात, तो दिसला पाहिजे. बरेच जण वळू चढला एवढं बघून घरी जातात. तीन आठवड्यांनी त्याच गाई उलटल्या आणि पुन्हा माजावर दिसू लागल्या, तर लगेच वळू बदला. हंगाम ६०-६५ दिवसांचाच असतो, वाट बघायला वेळ नसतो.

गाई किती, तर तरुण वळूला जितके महिने तितक्या गाई, हा सोपा हिशेब. १५ महिन्यांच्याला पंधरा. पूर्ण वाढलेल्याला पंचवीस-तीस. रान मोठं, डोंगराळ, पाणी विखुरलेलं असेल तर कमीच द्या.

दोन-तीन वळू एकत्र सोडणार असाल तर शक्यतो एकाच वयाचे सोडा, आणि आधी काही दिवस गाईंपासून दूर एकत्र ठेवा म्हणजे त्यांची भांडणं तिथेच मिटतील. जुना आणि तरुण एकत्र असले की जुना तरुणाला गाईजवळ फिरकू देत नाही. तो जुनाच वीर्यात कमजोर निघाला, तर चांगला तरुण शेजारी उभा असूनही गाई रिकाम्या राहतात. वासरांच्या डीएनए चाचण्यांतून हे वारंवार दिसलंय: एकत्र सोडलेल्या वळूंपैकी एक-दोघेच निम्म्याहून जास्त वासरांचे बाप असतात.


चराऊ रान:

वापरलेला वळू स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांसाठी लिहिते. ट्रायकोमोनास आणि व्हिब्रिओ, हे दोन रोग वळूच्या अंगावर कधीच दिसत नाहीत. तो खातो, चालतो, चढतो, वीर्यही चांगलं निघतं. लिंगाभोवतीच्या त्वचेच्या घड्यांमध्ये जंतू राहतात आणि गाईगाईत पसरतात. गाय गाभ धरते आणि काही आठवड्यांत गर्भ मरतो. गाभडल्याचं आपल्याला दिसतही नाही, फक्त ती पुन्हा माजावर येते. गाभण तपासणीच्या दिवशी बऱ्याच गाई रिकाम्या आणि उरलेल्या मागेपुढे, असं चित्र दिसलं की या रोगांचा संशय घ्या.

वय तीन-चारच्या पुढे गेलं की त्या घड्या खोल होतात, म्हणून म्हातारे वळू जंतू कायमचे बाळगतात. गाईंच्या शरीरातून ट्रायकोमोनास काही महिन्यांत जातो, वळूच्या सहसा जात नाही. आठवडाभर गाईंपासून दूर ठेवून मग नमुना घ्यायचा असतो. शक्यतो कधीच न सोडलेला तरुण वळूच घ्यावा. व्हिब्रिओसाठी लस आहे, ती हंगामाआधी गाईंनाही द्या. नव्या वळूची बीव्हीडी या विषाणूजन्य रोगासाठी कानाच्या तुकड्याची तपासणीही करून घ्या. आईच्या पोटातच लागण झालेलं जनावर जन्मभर विषाणू सांडत राहतं.

आमच्यासारख्या उंचावरच्या लोकांना आणखी एक काळजी. दीड हजार मीटरच्या वर विरळ हवेमुळे काही जनावरांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो, छातीखाली पाणी साठतं आणि हृदय थकून जनावर दगावतं. हे आनुवंशिक आहे. म्हणून वळू उंचावर तीन आठवडे राहिल्यावर मानेच्या शिरेतून नळी घालून तो दाब मोजतात. सखल भागात वाढलेला वळू कितीही देखणा असला तरी ही चाचणी झाल्याशिवाय आम्ही तो कळपात सोडत नाही.


आकडेमोड:

ताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

नवा गोठा, तुम्ही वळू पहिल्यांदा विणाऱ्या कालवडींवर सोडणार असाल, तर जन्मवजनापेक्षा सुलभ विण्याचा आकडा बघा. जन्मवजन त्या आकड्यात आधीच धरलेलं असतं. दोन्ही लावले की एकाच गुणाला दोनदा वजन मिळतं, आणि वासरं विनाकारण बारकी होत जातात. विलेल्या गाईंवर सोडायचा असेल तर त्याचा एवढा बाऊ नको.

एकाच गुणाच्या मागे धावण्यातही मोठं नुकसान असतं. वर्षाच्या वजनाचा सगळ्यात मोठा आकडा निवडत गेलात, तर काही पिढ्यांत गाईही मोठ्या होतात. मोठी गाय रोज जास्त चारा खाते, तो पुरला नाही की अंगाने उतरते आणि वेळेवर माजावर येत नाही. दुधाच्या आकड्याचंही तेच. सगळी वासरं विकायची असतील तर वाढ आणि मांसाचे आकडे घ्या. कालवडी ठेवायच्या असतील तर आईच्या गुणांचे. आपण काय विकतो हे ठरवल्याशिवाय यादी उघडूच नका.

घातक जनुकांची चाचणीही विचारा. २००८ मध्ये अँगसमध्ये वाकड्या पायांच्या मेलेल्या वासरांमागचं जनुक सापडलं. वाहक स्वतः ठणठणीत दिसतो; वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आले की चारातलं एक वासरू तसं जन्मण्याची शक्यता. घरच्याच कालवडींवर वळू फिरत असेल तर ही चाचणी टाळून चालणार नाही.


नवा गोठा:

एक वळू बघून ठेवलाय, तेरा महिन्यांचा. अंगाने एकदम गुबगुबीत, शांत. पण तपासणीत "निर्णय पुढे ढकलला" असा शेरा आहे. घेर ३१, शुक्राणूंमध्ये दोष जास्त. सोडून द्यावा का?


पशुवैद्यक:

कागदावर दोष कोणता लिहिलाय ते बघा. शुक्राणूच्या मानेजवळ थेंब चिकटलेले, असं असेल तर तेरा महिन्यांच्या वळूत तो बहुधा अपक्वपणा आहे आणि वयाबरोबर जातो. घेर त्याच्या वयाला पुरेसा आहे, म्हणून माझा कल थांबण्याकडे. शुक्राणू तयार व्हायला ६१ दिवस लागतात आणि अधिवृषणातून यायला आणखी आठ-दहा. तेव्हा दोन महिन्यांनी फेरतपासणी करा, पंधरा दिवसांत करून काही कळणार नाही. डोकी तुटलेली किंवा बेढब डोक्यांची संख्या मोठी असेल तर आशा कमी.

मला जास्त खटकतं ते गुबगुबीतपण. विक्रीसाठी धान्यावर फुगवलेल्या वळूच्या अंडकोशात चरबी साठते, आणि धान्य अति झालं की खुरात सूज येऊन नखं वेडीवाकडी वाढतात. ते तेव्हा लगेच दिसत नाही. खूर उचलून तळवा बघा, कडेला आडव्या वळ्या आहेत का तेही बघा. घेतलात तर धान्य एकदम तोडू नका. काही आठवड्यांत हळूहळू चाऱ्यावर आणा आणि मोठ्या आवारात रोज चालू द्या. अंगाचा भरीवपणा मोजायच्या १ ते ९ च्या मापावर सहाच्या आसपास असताना तो गाईत जावा. हंगामात ५० किलोंहून जास्त वजन उतरू शकतं, तेवढी शिल्लक हवी.

शांत म्हणालात, तेही खोड्यात आणि मोकळ्या आवारात दोन्हीकडे बघा. बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशनच्या १ ते ६ च्या मापावर मी १ किंवा २ च घ्यायला सांगतो. स्वभाव वासरांत उतरतो. आणि शांत वळूकडेही कधी पाठ फिरवू नका, लहान मुलांना आवारात जाऊ देऊ नका.


कळपवाला:

विकणाऱ्याशी हे आत्ताच लेखी ठरवा: फेरतपासणीत नापास झाला तर पैसे परत किंवा बदली वळू. चांगला पैदासकार याला नाही म्हणत नाही. दरम्यान हंगाम दोन महिन्यांच्या आत सुरू होत असेल तर दुसऱ्या वळूची सोय करून ठेवा, आणि याला पुढच्या हंगामासाठी धरा.


नवा गोठा:

कागद पाहिला. मानेजवळच्या थेंबांचाच दोष लिहिलाय. उद्या जाऊन खुरांचे तळवे बघतो आणि लेखी देतात का विचारतो. काय झालं ते इथेच लिहीन.